काळी एल, पांढरी शिंदी : थंडीतल्या दोन पेयांची गोष्ट

नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी.

आजचा विषय जरा वेगळा आहे. बिअर. पण दुकानाच्या फ्रिजमधून निघणारी ती पिवळी, फेसाळ, दात शिवशिवतील इतकी थंडगार बाटली बाजूला ठेवा. आज बोलायचंय काळ्या, कडक आणि खास थंडीच्या दिवसांसाठी बनणाऱ्या बिअरबद्दल. युरोपात तिला ‘विंटर एल’ म्हणतात. आणि तिच्या निमित्ताने एक प्रश्न विचारायचाय : आपल्या नांदेड-लातूरकडे थंडीचं असं स्वतःचं पेय होतं का?

होतं की! गावोगावच्या ओढ्याकाठी उभं होतं. मग ते गेलं कुठं? त्यातलं बरंचसं १९४७-४८ मध्ये कुऱ्हाडीने तोडलं गेलं. आणि कुऱ्हाड हातात घेणारे होते हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. ते असं का करत होते, हे समजून घ्यायचं तर आधी त्या काळ्या ग्लासापासून सुरुवात करावी लागेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा भाग ‘प्या’ म्हणून सांगायला नाही आणि ‘पिऊ नका’ म्हणून दटावायलाही नाही. आपल्या पेल्यात काय यायचं ते कोण ठरवतं, एवढंच आज बघायचंय.

काळ्या ग्लासात काय असतं?

बिअरची दोन मोठी घराणी. एक लागर, दुसरं एल. लागर थंड तापमानात सावकाश आंबवतात. तिची चव स्वच्छ, हलकी. आपल्याकडे मिळणारी बहुतेक बिअर या घराण्यातली. एल थोड्या उबदार तापमानात आंबते. त्यामुळे यीस्ट जरा जास्त करामती करतं आणि फळांसारखे, मसाल्यांसारखे वास त्यात उतरतात.

आता हिचा काळा रंग कशाने येतो? भाजण्याने. बिअरसाठी बार्ली म्हणजे जव भिजवतात, मोड आणतात, वाळवतात. याला माल्ट म्हणतात. हे माल्ट किती भाजलं यावर रंग ठरतो. शेंगदाणे हलके भाजले तर वेगळी चव, करपायला आले तर वेगळी, तोच हिशोब. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्यासाठी फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं. कॉफी भाजायच्या ड्रमसारखाच प्रकार. त्याने माल्ट जाळून न टाकता काळंकुट्ट भाजता यायला लागलं.

चव कशी असते? परदेशी पुस्तकांत टॉफी, चॉकलेट वगैरे शब्द येतात. आपण आपल्या भाषेत सांगू. पहिल्या घोटाला काकवी. मग ज्वारीच्या भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा कडवटपणा. मधेच खारीक आणि मनुका. आणि घोट खाली उतरल्यावर छातीत पसरणारी ऊब, कारण हिच्यात अल्कोहोल ७ ते १० टक्के असतं, कधी त्याहून जास्त. म्हणून ती गटागटा प्यायची वस्तूच नाही. बर्फासारखी गार केली तर चव मुकी होते. नांदेडला डिसेंबरच्या पहाटे माठातलं पाणी जेवढं गार असतं, साधारण तेवढी गार ठेवायची आणि छोट्या ग्लासातून, सावकाश.

ही खारकेची चव लक्षात ठेवा. पुढे तिचा एक नातेवाईक भेटणार आहे.

टिकण्यासाठी कडक

ही बिअर इतकी कडक का? नशा हे अर्धंच उत्तर झालं. खरं कारण म्हणजे टिकणं.

फ्रिज नव्हते तेव्हाच्या इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात बिअर बनवणं जोखमीचं होतं, कारण गरमीत ती आंबट व्हायची. म्हणून ऑक्टोबर आणि मार्चमध्ये कडक बिअर बनवून पिंपांत भरून ठेवायचे. अल्कोहोल जास्त आणि हॉप्सची कडू फुलं भरपूर, म्हणजे बिअर महिनोन्‌महिने टिकणार. वर्षभर मुरलेली ही बिअर थंडीत उघडायची. आपल्याकडे मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडतात तसं.

टिकणारी वस्तू प्रवासाला निघते. लंडनची काळी पोर्टर बिअर अशीच जगभर गेली. तिचं नाव पडलं ते लंडनच्या पोर्टर लोकांवरून, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांवरून. तिचा जास्त कडक प्रकार थेट रशियाच्या राणीच्या, कॅथरीन द ग्रेटच्या दरबारात पोचला आणि पुढे ‘इम्पिरियल स्टाउट’ म्हणून ओळखला गेला. आणि पोर्टर आपल्याकडेही आली. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. पण हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी जहाजांतून पिंपंच्या पिंपं यायची ती काळ्या पोर्टरची. पेल एल ही जास्त करून साहेब लोकांच्या टेबलावरची.

आपल्या भागात इंग्रजी लष्कराच्या वहिवाटीच्या जागा होत्या. जालन्याला छावणी होती. हिंगोली आणि मोमिनाबाद इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. शिपाई देशी, वरचे अधिकारी इंग्रज. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, लातूरहून दोन तासांच्या आतलं. पण छावणीतल्या साहेबाचं पेय वेगळं आणि शेतात राबून आलेल्या माणसाचं वेगळं. त्या माणसाच्या मडक्यात होती शिंदी. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात तिच्या जोडीला मोहाची.

एका दिवसाचं आयुष्य

शिंदीचं झाड बघितलंय? खजुराच्या झाडासारखंच दिसतं, कारण ते खजुराचं सख्खं भावंड आहे. शास्त्रीय भाषेत दोघांचं कुळनाव एकच, फिनिक्स. झाला ना तो खारकेचा नातेवाईक! ओढ्याच्या, नाल्याच्या काठाला आपोआप उगवतं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. पानांचे झाडू होतात, चटया होतात.

आणि थंडी पडली की झाड रस देतं. शिंदी काढणारा माणूस संध्याकाळी झाडावर चढतो, शेंड्याखाली खोडाची साल धारदार हत्याराने तासतो, खाली मडकं बांधतो. रात्रभर थेंब थेंब रस गळतो. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा : गोड, पारदर्शक, नशा नावालाही नाही. मडक्याला आतून चुना लावला तर ती थोडा जास्त वेळ तशीच राहते. रात्र जितकी गार तितका रस गोड, कारण गारठ्यात आंबणं मंदावतं. बंगालात याच झाडाच्या थंडीतल्या रसाचा गूळ करतात आणि त्याच्यावर जीव टाकतात.

ऊन चढलं की गंमत सुरू. हवेतलं, मडक्यातलं यीस्ट साखरेवर तुटून पडतं. रस दुधाळ पांढरा होतो, फेस धरतो. दुपारपर्यंत तो आंबटगोड होतो आणि संध्याकाळी त्यात साधारण ४ ते ५ टक्के अल्कोहोल असतं. दुसऱ्या दिवशी तो व्हिनेगर व्हायच्या वाटेवर.

आता दोन्ही पेयं शेजारी ठेवा. काळी एल वर्षभर टिकावी म्हणून कडक केलेली, समुद्रापार जाणारी. पांढरी शिंदी सकाळी जन्मून रात्री म्हातारी होणारी, शेजारच्या गावालाही नीट न पोचणारी. एल साठवता येते. शिंदी साठवता येत नाही. आणि जी वस्तू साठवता येत नाही, तिच्यावर कर कसा बसवायचा? सरकार मग थेट झाडावरच हात ठेवतं.

गुत्ता हा शब्द आला कुठून?

पुण्या-मुंबईच्या मित्राला विचारा, ‘गुत्ता’ म्हणजे काय? तो म्हणेल, दारूचा अड्डा. आता आपल्या लातूर-नांदेडमध्ये रस्त्याचं काम घेणाऱ्या माणसाला काय म्हणतात? गुत्तेदार! शाळेची इमारत बांधणारा गुत्तेदार, नाली करणारा गुत्तेदार. त्याचा दारूशी काय संबंध?

मूळ शब्द कन्नड-तेलुगूकडचा. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. हैदराबाद संस्थानात दारू आणि शिंदी विकायचा हक्क लिलावाने दिला जायचा. जास्त बोली लावेल त्याला गुत्ता. मराठीत पुढे ठेक्याच्या दुकानालाच ‘गुत्ता’ नाव चिकटलं. मराठवाड्याने मात्र जुना अर्थही जपला. आपल्या रोजच्या बोलण्यात निजामाचं करखातं अजून असं लपून बसलेलं आहे.

या व्यवस्थेत गुत्तेदाराचं गणित सरळ होतं. लिलावात मोजलेली रक्कम वसूल करायची आणि वर नफा काढायचा, म्हणजे जास्तीत जास्त विकायची. सरकारलाही तेच हवं, कारण विक्री वाढली की पुढची बोली वाढणार. झाडावर चढणारा, पिढीजात कसब असलेला माणूस मात्र सगळ्यात खाली. झाड ओढ्याकाठी फुकट उगवलेलं, पण गुत्त्याबाहेर त्याचा रस काढला तर गुन्हा. तेलंगणात गौड, आपल्याकडे कलाल अशा समाजांचा हा धंदा या साखळीत अडकला.

या सगळ्याला सरकारी नाव ‘आबकारी’. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी. हैदराबाद संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचं उत्पन्न हे सर्वांत मोठ्या उत्पन्नांपैकी एक होतं. शिंदीच्या एकेका मडक्यातून पैसा निजामाकडे वाहत होता.

फक्त निजामाचं नाव घेऊन थांबू नका हं. करामुळे चव बदलणं ही जगभरची गोष्ट आहे. १८८० साली ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टनने कराची पद्धत बदलली : आता माल्टवर कर नाही, तर आंबवायच्या आधी द्रव किती गोड आणि दाट आहे त्यावर. म्हणजे बिअर जितकी कडक तितका कर जास्त. त्यानंतर पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि आणखी कर. तिथली रोजची बिअर हळूहळू हलकी झाली आणि खरी कडक काळी एल थंडी-नाताळापुरती, मानाची वस्तू बनून राहिली. ‘विंटर’ हे विशेषण तिला हवामानाइतकंच हिशोबाच्या वहीमुळेही चिकटलं.

कुऱ्हाड

आता १९४७. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या राज्यातच राहिले. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये.) स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून आंदोलन सुरू केलं होतं. स्वामीजींनी याआधी मोमिनाबादच्या शाळेत शिकवलेलं. तेच ते छावणीचं गाव.

आंदोलनाचा कार्यक्रम बघा. करोडगिरी नाके, म्हणजे जकातीचे नाके, उद्ध्वस्त करायचे. लेव्हीचं धान्य द्यायचं नाही. जंगल सत्याग्रह करायचा. आणि शिंदीची झाडं तोडायची. प्रत्येक गोष्ट निजामाच्या उत्पन्नाच्या एकेका नळावर बोट ठेवणारी आहे. तिजोरीपर्यंत हात पोचत नाही ना? मग तिजोरीकडे जाणारी वाट खणा. झाडं तोडणं ही कल्पना नवीन नव्हती. १९३० च्या कायदेभंगातही देशात ठिकठिकाणी ताडी-शिंदीची झाडं तोडली गेली होती. पण मराठवाड्यात या कुऱ्हाडीमागे जीवघेणी जोखीम होती : पोलीस, रझाकार, तुरुंग. उमरखेड, बार्शी अशा सरहद्दीपलीकडच्या गावांजवळ कॅम्प टाकून कार्यकर्ते आत घुसायचे.

यात दोन धागे गुंतलेत. एक कराचा. दुसरा दारूबंदीचा. गांधीजींच्या विचाराने चालणाऱ्या कार्यकर्त्याला शिंदीचं दुकान म्हणजे गरिबाचं घर बुडवणारी जागा वाटायची, आणि ज्या घरातली मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर संपायची त्या घरातल्या बाईला विचारलं असतं तर तिनेही तेच सांगितलं असतं. पण गांधीजी त्याच वेळी ताड-शिंदीच्या रसाचा गूळ करा असंही सांगत होते. म्हणजे झाड वाईट नाही, त्याचा गुत्ता वाईट. लढाईच्या धामधुमीत हा फरक करत बसायला वेळ नव्हता. झाडच निजामाच्या तिजोरीची नळी होती, ती तुटली.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकवतो, त्यात त्या कुऱ्हाडीचाही वाटा आहे. आणि तुटलेल्या झाडांबरोबर साल किती खोल तासायची, कुठल्या झाडाला यंदा विसावा द्यायचा हे कळणाऱ्या हातांचं कामही कमी होत गेलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

परमिट कशाचं?

पुढचं वळण तर गमतीदार आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे दारू विकून तिजोरी भरणाऱ्या राज्यातून निघून थेट दारूबंदीच्या राज्यात! मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. काही वर्षांत तो मराठवाड्यालाही लागू झाला. पुढे बंदी सैल होत गेली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो कायद्याच्या भाषेत आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. नांदेडच्या स्टेशनरोडपासून लातूरच्या चौकापर्यंत दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी म्हणजे त्या बंदीचंच उरलेलं शेपूट. गुत्ता हा शब्द लिलावाची आठवण ठेवतो, परमिट रूम हा बंदीची.

१९७० च्या दशकात सरकारमान्य देशी दारू सुरू झाली. ती कशापासून? मळीपासून. साखर कारखान्यात साखर काढून उरते ती मळी. इथे एक मोठा बदल झाला. मराठवाड्याच्या पेल्याचं मूळ ओढ्याकाठच्या बिनपाण्याच्या झाडातून निघून उसाच्या फडात गेलं.

आणि आपल्या भागात उसाला लागणारं पाणी म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायची गरज नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि मग ६० टक्के कपात करायला सांगितली. एक लिटर बिअर बनवायला कित्येक लिटर पाणी लागतं. ‘आबकारी’ या शब्दातलं ‘आब’, म्हणजे पाणी, त्या उन्हाळ्यात अक्षरशः कोर्टात उभं राहिलं.

‘स्ट्राँग’ म्हणजे काय?

आज आपल्याकडे विकली जाणारी बहुतांश बिअर ‘स्ट्राँग’ असते. पण तिच्यात आणि सुरुवातीच्या काळ्या एलमध्ये आकड्यापलीकडे फारसं साम्य नाही. आपली स्ट्राँग म्हणजे पिवळी लागर, तांदूळ-मका-साखर घालून अल्कोहोल वाढवलेली, चव लागू नये इतकी गार करून प्यायची. कर इतका की गिऱ्हाईक विचारतं, एवढ्या पैशात ‘चढणार’ किती? चव हा प्रश्नच मागे पडतो. गुत्तेदाराचं जुनं गणित नव्या बाटलीत आलंय म्हणा ना.

शिंदीचं काय झालं? तेलंगणाच्या सीमेकडे, देगलूर-बिलोली-धर्माबादच्या पट्ट्यात ती अजून ऐकू येते. पण झाडं कमी आणि मागणी जास्त झाली की पावडर येते. तेलंगणात आणि सीमाभागातही क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं रसायन पाण्यात कालवून ‘शिंदी’ म्हणून विकल्याच्या कारवाया होत आल्यात. ते पेय नव्हे, विष आहे. झाडाच्या रसाचा त्यात थेंबही नसू शकतो. त्याच्या वाटेला जाऊ नका, मित्रालाही जाऊ देऊ नका.

आणि दुसरीकडे, पुण्यात २००९ पासून छोट्या ब्रुअरीज सुरू झाल्यात. तिथे थंडीत काळी, भाजक्या माल्टची एल मिळते. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला, नोकरीला गेलेली पोरं ती चाखतात. चाखण्यात वाईट काही नाही. फक्त तो ग्लास हातात असताना एवढं आठवा : त्यातला काळा रंग भट्टीचा आहे, कडकपणा टिकण्यासाठीचा आहे, आणि थंडीचा मान त्याला कराने दिलाय. तिथल्या लोकांनी आपलं थंडीचं पेय कर भरून का होईना, जपलं. आपल्याकडे त्याच कराचं पेय आधी राज्यकर्त्याने वापरलं आणि मग लढ्यात ते पडलं.

महाराष्ट्रातल्या बायांनी मात्र पेल्यावरचा हक्क स्वतःच्या हातात घ्यायची एक वाट काढली आहे : ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान. गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. निजामाच्या लिलावात गावाला कुणी विचारत नव्हतं. इथे निदान विचारतात.

जाता जाता एक काम देतो. १९४७ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. घरात, गल्लीत असं कुणी आजोबा-आजी असतील तर त्यांच्यापाशी बसा. त्यांना विचारा : ‘आबा, आपल्या गावात शिंदीची झाडं कुठं होती? कुणी तोडली? नीरा कशी लागायची?’ मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. काळ्या एलच्या चवीवर शेकडो पुस्तकं आहेत. आपल्या शिंदीची चव अजून काही तोंडांतच शिल्लक आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!